बोरू हाती धरताना

रविवारच्या सकाळी शाळेच्या ओसरीवर आम्ही मुलांना सुलेखन शिकवितो. स्मरणिकेसाठी वर्गाचा अहवाल देण्याऐवजी पहिला धडाच येथे मांडावा, असे आम्हांस वाटले. कारण भेटीच्या दिवशी कितीतरी पालक बोरू उचलून पाहतात आणि ‘आता ह्या वयात काय!’ म्हणून खाली ठेवतात.

आरंभी चूक आमचीच झाली. पहिल्याच दिवशी आम्ही मुलांपुढे ‘अ’ ठेवला. ‘अ’मध्ये वळणे, जोडरेघ आणि दंड सारे एकदम येते. तासाभरात ओसरीवर चुरगळलेल्या कागदांचा ढीग साचला आणि दोन मुले पुढच्या रविवारी फिरकलीच नाहीत. तेव्हापासून पहिले दोन रविवार अक्षर नाही, केवळ रेघ.

त्याआधी अर्थातच बोरू. चांगला वाळलेला बोरू घेऊन धारदार चाकूने एका अंगाने तासावा, जिभेसारखे टोक काढावे आणि मधोमध बारीक चीर द्यावी, म्हणजे शाई टोकापर्यंत उतरते. शेवटचा काप तिरका हवा. देवनागरीत टोकाचा कोन रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट पडतो. इंग्रजी वळणाच्या सवयीने लिहिलेले देवनागरी अक्षर परके दिसते, ते बहुधा यामुळेच. पारख सोपी आहे. वरून खाली, उजवीकडून डावीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड यावी आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी केसासारखी बारीक. उलटे घडले तर काप तरी चुकला किंवा पकड तरी. जाड-बारीकपणा दाब देऊन आणावयाचा नसतो, तो कोनातूनच येतो. म्हणून हात फिरावा, बोरू बोटांत फिरू नये. दौतीत कापसाचा बोळा ठेवल्यास शाई बेताने लागते व डाग पडत नाहीत.

उंचीचे मापही बोरूच देतो. टोकाच्या रुंदीचे सहा ठिपके एकाखाली एक द्यावेत. तेवढी आमच्या वर्गात अक्षराची उंची. मग उभा दंड, दोन्ही तिरप्या, अर्धगोल. अर्धगोल साधला की ‘व’ येतो, आणि ‘व’ आला की ‘ब’ व ‘क’ त्याच घरातले. ‘ग’, ‘म’, ‘भ’ यांचे घर निराळे. वर्णमालेचा क्रम येथे उपयोगाचा नाही. आकारांची नाती धरून चालावे. शिरोरेघ मात्र नेहमी शेवटी, संपूर्ण शब्द पाहून. ती घाईने आधी ओढणाऱ्याची अक्षरे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबतात.

चुकांची लाज वाटणाऱ्यांस आम्ही गिरनारच्या शिळेची गोष्ट सांगतो. सम्राट अशोकाच्या चौदाव्या शिलालेखात, लेखात काही अपुरे राहिले असल्यास त्यास लिपिकराची चूकही कारण असू शकेल, अशा आशयाचा उल्लेख आहे. दगडावरील अक्षर पुन्हा लिहिता येत नाही. आपल्यापाशी तर रद्दी भरपूर आहे. वर्तमानपत्राच्या जुन्या पानावर केलेला सराव आम्हांस कोऱ्या कागदावरील सरावाहून अधिक मोकळा वाटतो.

वसतिगृहाच्या नोंदवहीत काही मातांच्या नावापुढे अजून अंगठा उमटतो. सहावीतल्या एका मुलीने गेल्या वर्षी स्वतःचे नव्हे, आईचे नाव गिरवावयास मागितले. भेटीच्या दिवशी तिने तो कित्ता आईपुढे ठेवला. माउलीने बोरू विळ्यासारखा मुठीत धरला. मुलीने आईचा हात धरला नाही. कागद तेवढा घट्ट धरून ठेवला. पहिला ‘क’ फुटला, दुसरा वाहिला. चौथ्याचा दंड सरळ उतरला, तेव्हा ओसरीवर कोणी बोलले नाही. जाताना आम्ही बोरू आणि शाईची पुडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

पुढच्या भेटीच्या दिवशी नोंदवहीत अंगठ्याच्या जागी तीन अक्षरे होती. शिरोरेघ द्यावयाची राहून गेली होती.