पेरायची घाई करू नकोस

अगं छकुले, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, पहिल्याच पावसाला सोयाबीन पेरून टाकू का?" रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहायला बसले.

थांब गं. आपल्या जालन्याच्या काळ्या रानात पहिल्या सरीनं वरची ढेकळं तेवढी भिजतात, खाली फुफाटाच असतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडू दे, वाफसा येऊ दे. एका वर्षी शेजाऱ्यांचं बघून मीही घाईनं पेरलं आणि दुबार पेरणीसाठी कानातलं गहाण ठेवलं. तुझ्यावर ती पाळी येऊ नये.

बियाणं घरचं असेल तर आधी ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून बघ. पाच-सहा दिवसांत 70 तरी उगवलेच पाहिजेत. सोयाबीनचं साल फार नाजूक असतं, पोतं आपटू नकोस. आणि पेरणी दीड-दोन इंचांपेक्षा खोल नको.

जमलं तर बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्रानं पेर. चार ओळींमागे सरी पडते. मोठा पाऊस झाला तर जादा पाणी सरीतून निघून जातं, मुळं गुदमरत नाहीत. ऑगस्टात उघडीप पडली की त्याच सरीतली मुरलेली ओल पिकाला तगवते. बियाणंही कमी लागतं.

आता खत. भाऊजी युरियाची गोणी आणायला निघाले असतील, त्यांना समजाव. परभणी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 30 किलो नत्र, 60 स्फुरद, 30 पालाश अशी आहे. एकराला सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या, 26 किलो युरिया आणि 20 किलो पोटॅश घातलं की ती भरते. सुपरमधून गंधकही मिळतं, तेलबियांना ते लागतंच. डीएपीत गंधक नसतं. सगळं पेरतानाच बियाण्याच्या थोडं खाली पडू दे. पुढे परत युरिया फेकलास तर पाला माजतो, शेंगा धरत नाहीत.

नत्राची उरलेली सोय झाड मुळांवरच्या गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंच्या मदतीनं स्वतःच करतं. म्हणून बुरशीनाशक लावून झालं की रायझोबियम चोळ, बियाणं सावलीत सुकव. चाळीसेक दिवसांनी एक झाड मातीसकट अलगद उकरून काढ. मुळावरची गाठ नखानं फोड. आत लालसर गुलाबी दिसली तर नत्र तयार होतंय. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर लगेच मला फोन कर.