काळ्या गोळ्याचं नाव

परसातल्या पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर काळे गोळे दिसले, लिंबाएवढे. ‘ओंडका कुणी पेटवला होता का गं?’ मी काकूला विचारलं. ‘भर श्रावणात कोण पेटवतंय? ते आपसूक येतं,’ ती म्हणाली. त्या ‘आपसूक’चं नाव शोधण्यात माझे तीन पावसाळे गेले.

१. आधी सुरी, मग पुस्तक. बाहेरून सगळंच कोळशासारखं दिसतं. गोळा उभा कापला तर आत कांद्यासारखी वलयं निघाली: एक राखी, एक काळं. वलयं म्हणजे डाल्डिनिया ही बुरशी. कुजक्या लाकडातून काळी बोटं वर आलेली दिसतात, ती कापली की आत खोबऱ्यासारखी पांढरी, तो झायलेरिया. हायपोझायलॉनही असाच काळा आणि गोळाबिळा असतो, पण त्याला वलयं नाहीत. तिघांच्याही काळ्या कवचाखाली भिंगातून बारीक कुप्यांची रांग दिसते. बीजाणू तिथे तयार होतात.

२. कोवळा गोळा आणू नका. तो तपकिरी-जांभळट असतो, दिसतो देखणा, पण कुप्या रिकाम्या. पहिला पावसाळा मी यातच घालवला.

३. पिकलेला गोळा रात्री काचपट्टीवर ठेवा. डाल्डिनिया बीजाणू उडवतो तो मुख्यतः रात्री. सकाळी काचेवर काजळी धरलेली असते, तीच थेंबभर पाण्यात बघायची. कुपीतला गर चिरडून बघितलात तर कच्चेपक्के सगळे एकत्र येतात आणि मोजमाप बिघडतं.

४. पुस्तक कुठल्या देशाचं आहे ते बघा. माझं इंग्लंडचं होतं. त्यात वलयांचा काळा गोळा एकच, डाल्डिनिया कॉन्सेंट्रिका. मीही चिठ्ठीवर तेच लिहिलं. ही जात युरोपातली, तिकडे मुख्यतः अ‍ॅशच्या झाडावर येणारी. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या नोंदींतही हेच नाव आहे, म्हणजे चुकणारा मी एकटा नव्हतो, एवढंच समाधान.

५. मोजपट्टी आधी तपासा. हा धडा मला सगळ्यात महाग पडला. बीजाणू भरले १६ मायक्रॉन. कॉन्सेंट्रिकाचे साधारण १३ ते १७, म्हणजे झकास जमलं! पुढच्या पावसाळ्यात कळलं, की नेत्रभिंगातल्या पट्टीच्या एका घराचं माप प्रत्येक सूक्ष्मदर्शकावर वेगळं भरतं, आणि माझं मी कधी पडताळलंच नव्हतं. प्रमाणपट्टीवर ठेवून नव्याने हिशेब केला, तीस बीजाणू मोजले. बहुतेक ११ ते १३. चुकीच्या मापाने चुकीच्या नावाला साक्ष दिली होती, आणि मी ती आनंदाने मानली होती.

६. कॉस्टिक पोटॅश जपून वापरा, पण वापराच. (हातमोजे घालून. मी एकदा घातले नव्हते.) त्याच्या १० टक्के द्रावणात कवचाचा कपचा टाकला की जांभळा रंग सुटतो. बीजाणू त्यातच ठेवले, तर वरचं पातळ आवरण कात टाकल्यासारखं सुटून येतं. बीजाणू तपकिरी, एका बाजूने फुगीर, आणि त्या फुगीर बाजूवर टोकापासून टोकापर्यंत सरळ रेघ: अंकुर फुटायची फट. झायलेरियाच्या काही जातींत हीच फट पिळदार असते. फट, माप, जांभळा रंग आणि आंब्याचं लाकूड एकत्र ठेवलं तेव्हा नाव आलं डाल्डिनिया एश्शोल्त्सी. उष्ण प्रदेशात हाच सर्रास आढळतो.

७. झाडाचं नाव त्याच दिवशी लिहा. नंतर सगळी लाकडं सारखीच.

८. नमुना घरच्यांना दाखवून ठेवा. सुकवून, कागदात गुंडाळून, पडवीत ठेवलेले माझे गोळे दिवाळीत सापडेनात. काकू बंबापाशी बसली होती. ‘ते होय? विस्तव धरून ठेवतात रे छान, सकाळपर्यंत,’ ती म्हणाली, आणि राखेतून एक अजून धुमसणारा गोळा चिमट्याने उचलून मला दाखवला. अर्धा जळला होता, पण वलयं स्पष्ट दिसत होती.