संकटाच्या रात्री उठून चालणारा विश्वास

(संत योसेफ यांच्या सणानिमित्त चिंतन)
वाचन: मत्तय २:१३-२३, १ राजे १९:१-१८, प्रेषितांची कृत्ये ६:१-७



या आठवड्यात, १९ मार्चला, आपण संत योसेफ यांचा सण साजरा करीत आहोत. पवित्र मारियेचे पती, प्रभू येशूचे पालक, कुटुंबांचे रक्षक आणि चांगल्या मरणासाठी प्रार्थना करणारे संत म्हणून आपण त्यांचा धावा करतो. १८७० साली पोप नववे पायस यांनी त्यांना संपूर्ण ख्रिस्तसभेचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला मात्र ही तारीख आणखी एका कारणाने ठाऊक आहे. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुले यांचा अंत झाला. कर्ज आणि नापिकी यांनी खचलेल्या एका घराचा तो शेवट होता. त्या घटनेच्या आठवणीसाठी अलीकडच्या वर्षांत अनेक जण १९ मार्चला एक दिवस अन्नत्याग करतात.

त्यानंतरही ही दुःखे थांबली नाहीत. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. २००८ साली देशभर कर्जमाफी झाली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यातील शेतकरी आणि मजूर दगावले.

आता मार्च महिना आहे. कापूस विकून झाला आहे, कृषी केंद्राची उधारी बाकी आहे, बँकेची मार्चअखेरची वसुली दारात आहे आणि कुणाच्या घरी लग्नही ठरलेले आहे. अशा वेळी "देवावर भरवसा ठेवा, सगळे ठीक होईल" असे म्हणून पुढे जाणे सोपे असते. पण संकटात विश्वासाचा आधार घेणे म्हणजे नेमके काय करणे? संत योसेफ यांच्या सणानिमित्त आपण याचा थोडा अभ्यास करू या.

१. योसेफ एकटे निघाले नाहीत

शुभवर्तमानात संत योसेफ यांचा एकही शब्द नोंदलेला नाही. त्यामुळे 'खरा पुरुष दुःख गिळतो, बोलत नाही' असा अर्थ आपण कधी कधी काढतो. पण मत्तयलिखित शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय नीट वाचू या. हेरोद बाळाच्या जिवावर उठला आहे. स्वप्नात देवदूत योसेफांना सांगतो की, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसर देशात जा. योसेफ त्याच रात्री उठतात आणि त्या दोघांना घेऊन निघतात.

म्हणजे त्या रात्री त्यांनी मारियेला जागे केले असणार. संकट काय आहे, हे तिला सांगितले असणार. देवाने योसेफांना धोका टाळून दिला नाही. त्याने त्यांना एक वाट दाखवली आणि त्या वाटेवर सोबतही दिली.

आपल्या घरांत काय होते? सावकाराकडून किती घेतले, सोने कुठे गहाण ठेवले, बँकेची नोटीस केव्हा आली, हे घरातल्या बाईला बहुतेक वेळा सर्वांत शेवटी कळते. 'तिला कशाला काळजी?' असे आपण म्हणतो. पण योसेफांनी मारियेपासून संकट लपवले असते, तर तो प्रवास सुरूच झाला नसता. घरातल्या माणसांना खरे सांगणे हा विश्वासाचाच भाग आहे. प्रभू येशूनेही गेथशेमाने बागेत आपले दुःख लपवले नाही. पेत्र, याकोब आणि योहान यांना त्याने जवळ घेतले, आपला जीव अतिशय व्याकूळ झाल्याचे सांगितले आणि जागे राहण्याची विनंती केली. देवाच्या पुत्राला सोबतीची गरज वाटली, तर आपल्याला लाज कसली?

२. एलियाला देवाने आधी भाकर दिली

एलिया हा मोठा संदेष्टा. पण राणी ईजबेलच्या धमकीने तो खचला, रानात एका झुडपाखाली बसला आणि 'आता पुरे' म्हणून त्याने देवाकडे मरण मागितले. पवित्र शास्त्राने हे लपवलेले नाही. विश्वासू माणसाच्या मनातही असा विचार येऊ शकतो.

देवाने काय केले? त्याने एलियाला रागावले नाही, 'तुझा विश्वास कमी पडला' असेही म्हटले नाही. एलिया झोपी गेला. देवदूताने त्याला हलकेच स्पर्श करून उठवले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला दुसऱ्यांदा जेवू घातले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची होती. मग तो होरेब डोंगरापर्यंत चालत गेला. 'मी एकटाच उरलो आहे' अशी त्याची तक्रार होती. तेव्हा देवाने त्याला सांगितले की, विश्वासू राहिलेले सात हजार लोक अजून आहेत. आणि अलिशा हा सोबतीही दिला.

यातून आपण दोन गोष्टी शिकतो. पहिली, खचलेल्या माणसाला उपदेशाआधी जेवण, झोप आणि मायेचा स्पर्श लागतो. दुसरी, 'मी एकटाच आहे' हे निराशेचे बोल असतात, ते खरे नसतात.

३. प्रार्थना सुचत नाही तेव्हा

अनेक जण आम्हाला सांगतात, "प्रार्थनेला बसलो तरी शब्द येत नाहीत." अशांनी व्हिएतनामचे कार्डिनल न्गुयेन व्हॅन थुआन यांचे उदाहरण लक्षात ठेवावे. ते तेरा वर्षे तुरुंगात होते, त्यातली नऊ वर्षे एकांतकोठडीत. हाताच्या तळव्यावर द्राक्षारसाचे काही थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली आशेवर लिहिलेल्या परिपत्रकात त्यांची आठवण केली आहे. तुरुंगात त्यांनाही दीर्घकाळ स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करता येत नव्हती. तेव्हा त्यांनी 'हे आमच्या स्वर्गीय बापा', 'नमो मारिया' आणि उपासनेतील प्रार्थना घट्ट धरून ठेवल्या.

म्हणून शब्द आटले तर घाबरू नका. जपमाळेचा एकच दशक म्हणा. तेही जमले नाही, तर मिस्साला येऊन मागच्या बाकावर नुसते बसा. आम्ही सर्व तुमच्या वतीने प्रार्थना म्हणू. ख्रिस्तसभा त्यासाठीच आहे.

४. मागे राहिलेल्यांचे काय?

ज्यांच्या घरी अशी दुःखद घटना घडली, त्यांच्या मनात एक प्रश्न सतत बोचत असतो: 'आमच्या माणसाला देव क्षमा करील का?' यावर ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. जीवन हे देवाचे दान आहे, ते संपवणे योग्य नाही. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ (क्रमांक २२८२ व २२८३) सांगतो की, तीव्र मानसिक आजार, भय किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते. अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. त्यांना कसे वाचवावे हे देव जाणतो आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. पूर्वी, १९१७ च्या धर्मसंहितेनुसार, जाणूनबुजून असे करणाऱ्यांना ख्रिस्तसभेचा अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेत तो नियम उरलेला नाही. म्हणून कुणीही त्या घराकडे बोट दाखवू नये.

येथे आम्हाला स्वतःची चूक कबूल करावी लागते. मातीला आम्ही सर्व जातो, पण महिन्याभरानंतर कितीजण जातो? सातबारावर नाव चढवणे, मदतीचा अर्ज, मुलांची फी, पेरणीचे बी, हे सारे त्या विधवा बहिणीवर एकटीवर येऊन पडते. आरंभीच्या ख्रिस्तसभेतही रोजच्या वाटपात विधवांकडे दुर्लक्ष झाले होते. तेव्हा प्रेषितांनी नुसती सहानुभूती दाखवली नाही, तर त्या कामासाठी सात माणसे नेमली.

या आठवड्यात एवढे करू या

• घरातील सर्व कर्ज एका कागदावर लिहून पती-पत्नीने एकत्र बसून पाहावे.
• शेजारी कुणी अबोल झाला असेल, जेवण-झोप सुटली असेल, तर त्याच्या घरी जावे. 'जगावेसे वाटत नाही का?' असे मायेने थेट विचारावे. विचारल्याने वाईट होत नाही. त्याला एकटे सोडू नये.
• डॉक्टरांची मदत घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. शासनाची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते, मराठीतही बोलता येते.
• प्रत्येक वस्तीतील समूहाने एका विधवा बहिणीच्या कागदपत्रांची जबाबदारी घ्यावी.

चिंतनासाठी प्रश्न

१. मी घरच्यांपासून कोणते ओझे लपवून ठेवले आहे?
२. गेल्या वर्षी मी ज्या दुःखी घरी गेलो, तेथे पुन्हा केव्हा गेलो?

प्रार्थना

हे संत योसेफ, तू रात्रीच्या अंधारात उठून बाळाला व त्याच्या आईला सुखरूप नेलेस. आमच्या जिल्ह्यातील ज्या घरांत आज झोप नाही, त्या घरांसाठी प्रार्थना कर. जे गेले त्यांना प्रभूच्या दयेत विसावा मिळो. जे मागे राहिले त्यांना आम्ही एकटे सोडू नये. हे आम्ही ख्रिस्त आमचा प्रभू याच्याद्वारे मागतो. आमेन.