खोड झाकलंस का?

तंजावर, चैत्र

चि. बाळू यास,

काल तुझी आत्या येऊन गेली. तिनं जे सांगितलं त्यानं रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. परसातल्या बटर फ्रूटच्या खालच्या सगळ्या फांद्या म्हणे तू छाटल्यास, परस मोकळं दिसावं म्हणून! ४ मेला अग्निनक्षत्र लागेल, ऊन भाजून काढेल, आणि त्या लेकराच्या अंगावरचा सदरा तू आत्ताच उतरवून ठेवलास? आधी सांग, खोड झाकलंस का?

तडियनकुडिसैच्या संशोधन केंद्रातलं ते कलम. पळनीच्या डोंगरातली गार हवा त्याच्या जातीला ठाऊक. ओरत्तनाडूचं ऊन त्याला कसं सोसावं? त्याची साल पातळ असते. पश्चिमेचं ऊन थेट लागलं की ती करपते, तडकते, आणि त्या भेगेत किडा शिरतो. करपलेली साल पुन्हा धड होत नाही. खालच्या फांद्या खोडावर सावली धरतात, त्या शोभेच्या नसतात रे. आता निदान चुना पाण्यात कालवून खोडाला आणि उघड्या पडलेल्या फांद्यांना दाट हात दे. ऑइलपेंट नको, डांबर तर मुळीच नको. पश्चिमेला खांब रोवून झापा बांध. आषाढात अगत्तीचं बी टोक, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती डोक्यावर जाऊन सावली धरेल.

मुळांचंही तेच. ती वीतभर मातीतच पसरतात, म्हणून बुंध्याशी कुदळ घालू नकोस. पालापाचोळा आणि नारळाची सोडणं जाड पसर, पण खोडापासून वीतभर लांब. पाणी सकाळी दे, सावकाश मुरेल असं. ऊन वाढलं म्हणून आळं तुडुंब भरशील तर मुळं कुजतील. ऐप्पसीच्या पावसात पाणी साचू नये म्हणून बुंध्याशी मातीचा उंचवटा हवा. विहिरीचं पाणी मचूळ लागतंय का, तेही चाखून बघ. क्षारानं पानांचे शेंडे जळतात आणि आपण उन्हाला बोल लावतो.

किडीसाठी दुकानदार माडाचं जहाल औषध हातात ठेवेल. घेऊ नकोस. शेजारी विहीर, अंगणात पोरं. पांढऱ्या पिठ्या ढेकणामागं मुंग्या असतात. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून आधी त्यांची वाट अडव. माडावरची पांढरी माशी याही झाडावर येते. पानं उलटून बघत जा. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुलिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवार. उन्हात तेल फवारलंस तर पानंच भाजतील. पण हे सगळं नंतर. चुना आधी. खोड आधी.

रागावलो खरा. तुझ्या वयाचा असताना मी तिरुच्चीला नोकरीवर होतो. परसात काय फुटलं, काय वठलं, ते सुट्टीला आलो की कळायचं. बाबा माडांची आळी करत, तेव्हा त्यांच्याबरोबर वाकायला मिळालं असतं तर किती गोष्टी विचारल्या असत्या. २०१८ च्या नोव्हेंबरात गाजा वादळानं ते माड एका रात्रीत आडवे केले. पश्चिमेची सावली तेव्हाच गेली. त्या जागी काही लावावंसं वाटणारा घरात तू एकटाच निघालास.

आत्या आणखी एक बोलली. झाड गेलं तर घर विकून चेन्नईला जाईन, असं तू म्हणालास म्हणे. खोडाची एवढी घाई मी का करतोय, ते यावरून समज. पण बाळू, घराचा निर्णय झाडाच्या गळ्यात बांधू नकोस. ते तगलं तर उत्तम. नाही तगलं तर आपल्या मातीला मानवणारा फणस लावू, चिंच लावू. आणि तुला खरंच जायचं असेल तर जा. सरफोजी महाराजांनी ओरत्तनाडूला मुक्तांबेच्या नावानं छत्र बांधलं, ते वाटसरूंसाठीच. त्या गावानं जाणाऱ्याला कधी दूषण दिलं नाही. मीही देणार नाही. फक्त झाडाचं निमित्त करून जाऊ नकोस, मला सांगून जा.

शनिवारच्या पहिल्या बसनं येतो. चुना मी भिजवून आणतो, ब्रश तू शोधून ठेव. काकू तुझ्यासाठी मेतकूट देते आहे. जेवणाची वेळ चुकवू नकोस, फार वाळलास म्हणे.

तुझा,
काका