पिसवा कोठे राहतात?

एखादे कुटुंब सुटीत महिनाभर परगावी जाते. परत येऊन दाराचे कुलूप काढावे, तो पायांच्या घोट्यांभोवती चावे बसू लागतात. घरात महिनाभर ना माणूस, ना मांजर; मग इतक्या पिसवा आल्या कोठून? वर्गातली मुले हा प्रश्न विचारतात, तशीच घरातली वडीलधारी मंडळीही विचारतात. त्याचे उत्तर केवळ खाजेपुरते नाही. ते ठाऊक नव्हते त्या काळी आपल्या हुबळीने फार मोठी किंमत मोजली आहे.

पिसू हा दीड ते तीन मिलीमीटर लांबीचा, पंख नसलेला कीटक होय. तिचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते, म्हणून ती केसांतून सहज सरकते. मागल्या पायांच्या मुळाशी रबरासारखे लवचिक द्रव्य असते. त्याच्या जोरावर ती आपल्या लांबीच्या कितीतरी पट उडी मारते. पिसवांच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. माणसाची पिसू वेगळी, उंदराची वेगळी, मांजराची वेगळी. हल्ली घरात आढळते ती बहुधा मांजराची. ती कुत्र्यावरही राहते. मात्र भूक लागली की पिसू परक्याचेही रक्त पिते.

मांजराच्या पिसूची मादी दिवसाला २० ते ५० अंडी घालते. ती चिकट नसल्यामुळे अंगावरून गळून जमिनीवर, चटईत, अंथरुणात पडतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या धुळीत व फटींत वाढतात आणि पुढे कोश विणतात. कोशातली पिसू कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही, वाट पाहत बसते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला वायू यांची चाहूल लागली की ती बाहेर पडते. बंद घराचे कोडे असे सुटते. मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. बाकीचा परिवार जमिनीवर असतो.

आता उंदराच्या पिसूकडे वळू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो हुबळी-धारवाडातही पसरला. १८९८ साली हुबळीत हजारो लोकांनी डॉ. हाफकिन यांची लस टोचून घेतली. त्याच वर्षी कराचीत फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी प्रयोग करून सांगितले की उंदरांतला प्लेग पिसवा पसरवतात. पुष्कळांना ते पटले नाही. १९०५ नंतर मुंबईत परळ येथे संशोधकांनी पिसवा असलेल्या खोल्यांत गिनीपिग ठेवले. जमिनीलगतच्या प्राण्यांना प्लेग झाला. दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. हवा दोघांना एकच होती. पिसूची उडी मात्र तेवढी उंच पोहोचत नव्हती.

त्या काळी घरात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालीत. उंदीर मेला की त्याच्या पिसवा थंड देह सोडून दुसरे उबदार अंग शोधतात, हे कारण त्यांना ठाऊक नसले तरी घर सोडण्याची चाल शहाणपणाची होती. प्लेग आज प्रतिजैविकांनी बरा होतो, पण उपचार वेळेवर हवा. १९९४ साली बीड जिल्ह्यात व सुरतेत त्याची पुन्हा आठवण झाली.

यावरून घरी करावयाच्या गोष्टी ठरतात. केवळ मांजराला औषध लावून भागत नाही; त्याच दिवसांत जमीन, फटी व कोपरे झाडून घ्यावेत, कचरा घराबाहेर न्यावा, अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. कोश उशिरा फुटतात, म्हणून हे काम काही आठवडे चालू ठेवावे. जनावराचे औषध पशुवैद्याला विचारूनच आणावे. कुत्र्यासाठीची काही औषधे मांजराला विषासारखी बाधतात. मूल चावे खाजवीत असेल तर नखे कापावीत, म्हणजे जखम चिघळत नाही. घरात किंवा गल्लीत एकाएकी अनेक उंदीर मेलेले दिसले, तर त्यांना उघड्या हाताने शिवू नये आणि आरोग्य खात्याला त्वरित कळवावे. तशा वेळी पिसवा मारण्याआधी उंदीर मारण्याची घाई करू नये. बेघर झालेल्या पिसवा आपल्याकडेच वळतात.

ही सारी कामे एका घराने करून पुरत नाहीत. उंदीर आणि मांजर भिंत ओळखत नाहीत. म्हणून शेजाऱ्यांनी मिळून एकाच आठवड्यात सफाई केली, तर तिचा गुण सर्वांच्या घरी येतो.