संगणकांचे जाळे व सॉफ्टवेअरची चाचणी : एक ओळख



संगणकाचे शिक्षण म्हणजे टंकलेखन आणि चार-दोन तयार प्रोग्राम चालविणे, असा समज अद्यापही पुष्कळ घरांत आढळतो. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण ही कामे आज एकट्या संगणकावर होत नसून एकमेकांना जोडलेल्या अनेक संगणकांवर होतात. म्हणून संगणक शिकणाऱ्याला दोन विषयांची पायाभूत माहिती असलीच पाहिजे. पहिला विषय, संगणक एकमेकांशी कसे बोलतात. आणि दुसरा, त्यांना दिलेल्या आज्ञा बरोबर आहेत की नाहीत हे कसे तपासतात. पुस्तकांत हे विषय बहुधा निरनिराळ्या ठिकाणी शिकविले जातात. प्रत्यक्षात ते एकमेकांत किती गुंतलेले आहेत, हे १९९० साली अमेरिकेत घडलेल्या एका घटनेवरून स्पष्ट होते. ती घटना समजावी म्हणून प्रथम मूलतत्त्वे पाहू.

१. जाळे म्हणजे काय?

दोन किंवा अधिक संगणक तारेने अथवा बिनतारी पद्धतीने जोडले व ते ठरलेल्या नियमांनी माहितीची देवाणघेवाण करू लागले, की त्यास नेटवर्क किंवा जाळे म्हणतात. एका कार्यालयातील वा शाळेतील जाळ्यास लॅन आणि दूरच्या गावांना जोडणाऱ्या जाळ्यास वॅन म्हणतात. अशी असंख्य जाळी एकमेकांना जोडून इंटरनेट बनले. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले केले.

जाळ्यातून मोठा मजकूर सलग पाठविला जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात. या तुकड्यास पॅकेट म्हणतात. एखाद्या जाड वहीची पाने सुटी करून प्रत्येक पान वेगळ्या पाकिटात घालावे आणि पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता व पानाचा क्रमांक लिहावा, तसाच हा प्रकार आहे. पाकिटे निरनिराळ्या मार्गांनी गेली आणि मागेपुढे पोहोचली तरी क्रमांक पाहून वही पुन्हा जुळविता येते.

पाकिटाला वाट दाखविण्याचे काम राउटर नावाचे यंत्र करते. टपाल खात्याच्या पिनकोडवरून ही गोष्ट सहज समजेल. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. दिल्लीच्या छाननी कर्मचाऱ्याला महाराष्ट्रातील गल्ली ठाऊक असण्याची गरज नसते. पहिले अंक पाहून तो पत्र योग्य दिशेच्या पिशवीत टाकतो. पुढचे अंक पुढचा कर्मचारी पाहतो. राउटरही संपूर्ण वाट जाणत नाही. पत्त्याचा सुरुवातीचा भाग पाहून तो पॅकेट पुढच्या टप्प्याकडे ढकलतो. जुन्या व अजूनही प्रचलित पद्धतीत हा पत्ता चार संख्यांचा असतो आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांपैकी असते. असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. ते अपुरे पडू लागल्याने अधिक लांब पत्त्यांची नवी पद्धतही आता वापरात आहे.

देवाणघेवाणीच्या ठरलेल्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. अर्पानेट या अमेरिकन जाळ्याने १ जानेवारी १९८३ पासून टीसीपी-आयपी हे नियम स्वीकारले आणि आजचे इंटरनेट त्यांवरच उभे आहे. आयपी पॅकेट पोहोचविण्याचा प्रयत्न करतो, पण ते पोहोचेलच अशी हमी देत नाही. टीसीपी पोच मागतो, पोच न आल्यास पॅकेट पुन्हा पाठवितो व सर्व तुकडे क्रमाने लावतो. जाळ्यात चूक होणारच, हे गृहीत धरून हे नियम बनविले आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

२. चाचणी म्हणजे काय?

सॉफ्टवेअर लिहून झाले म्हणजे काम संपले असे नाही. ते अपेक्षेप्रमाणे वागते का, हे पद्धतशीर पाहणे म्हणजे चाचणी. तिच्या मुख्य पायऱ्या अशा :

(अ) घटक चाचणी – प्रोग्रामचा एकेक लहान भाग स्वतंत्रपणे तपासणे.
(आ) जोड चाचणी – दोन-तीन भाग एकत्र आणल्यावर ते एकमेकांशी नीट वागतात का, हे पाहणे.
(इ) संपूर्ण प्रणालीची चाचणी – सर्व भाग, यंत्रे व जाळे यांसह तपासणी.
(ई) स्वीकृती चाचणी – ज्याच्यासाठी काम केले त्या वापरणाऱ्याने स्वतः पाहून मान्यता देणे.
(उ) फेरचाचणी – एखादा बदल केल्यावर पूर्वी बरोबर चालणारे काही बिघडले नाही ना, हे पुन्हा पाहणे.

तपासण्याच्या दृष्टी दोन आहेत. प्रोग्रामच्या आत काय लिहिले आहे ते न पाहता, केवळ काय दिले आणि काय मिळाले यावरून परीक्षा करणे, यास ब्लॅक बॉक्स चाचणी म्हणतात. आतील प्रत्येक वाट निदान एकदा तरी चालून पाहणे, यास व्हाइट बॉक्स चाचणी म्हणतात. दोन्ही आवश्यक आहेत.

सर्वच आकडे घालून पाहणे शक्य नसते. तेव्हा सीमेवरचे आकडे निवडावेत. समजा, १०० गुणांच्या विषयात ३५ गुणांना उत्तीर्ण ठरविणारा प्रोग्राम आहे. त्यात ५० किंवा ६० घालून फारसे कळणार नाही. ३४, ३५, ०, १०० आणि चुकीचे म्हणून नाकारले गेले पाहिजेत असे उणे १ व १०१ घालून पाहावे. '३५ किंवा अधिक' याऐवजी '३५ पेक्षा अधिक' असे लिहिले गेले असेल, तर नेमका ३५ गुणांचा विद्यार्थी नापास होईल. इतर सर्वांचे निकाल बरोबर येतील, म्हणून चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. मात्र त्या एका मुलाचे वर्ष जाईल.

३. १५ जानेवारी १९९० : एक उदाहरण

अमेरिकेतील ए. टी. अँड टी. या कंपनीकडे लांब पल्ल्याच्या टेलिफोनचे प्रचंड जाळे होते. त्यात ११४ मोठी संगणकीकृत केंद्रे होती. बोलणे वाहून नेणाऱ्या तारांखेरीज, या केंद्रांचे संगणक आपसांत निरोप पाठवीत ते एक वेगळे जाळे होते. कोणता कॉल कोठून न्यावा, कोणते केंद्र चालू आहे, कोणते बंद आहे, हे त्या निरोपांवरून ठरे.

डिसेंबर १९८९ मध्ये निरोपांचे काम जलद व्हावे म्हणून सर्व केंद्रांत सुधारित सॉफ्टवेअर घालण्यात आले. पूर्वी बंद पडलेले केंद्र सुरू झाले, की ते 'मी पुन्हा सुरू झालो' असा वेगळा निरोप देई. नव्या पद्धतीत तो निरोप काढून टाकला. त्या केंद्राकडून नवा कॉल आला, की शेजाऱ्याने ते सुरू झाले असे समजावे, असे ठरले.

पुढे १५ जानेवारीला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुटीच्या दिवशी, दुपारी न्यूयॉर्क येथील एका केंद्रात किरकोळ बिघाड झाला. ठरल्याप्रमाणे त्याने शेजाऱ्यांना 'नवे कॉल पाठवू नका' असे कळविले आणि काही सेकंदांत स्वतःला सावरून ते पुन्हा सुरू झाले. येथवर सर्व काही योग्य घडले. सुरू होताच त्याने साचलेले कॉल पाठविण्यास आरंभ केला. शेजारचे केंद्र पहिल्या निरोपावरून आपली नोंद दुरुस्त करीत असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, दुसरा निरोप येऊन थडकला. नवीन सॉफ्टवेअरमधील चूक नेमकी या प्रसंगी उघडी पडली.

हे सॉफ्टवेअर सी भाषेत लिहिलेले होते. त्यात 'ब्रेक' ही आज्ञा चुकीच्या ठिकाणी पडली होती. त्यामुळे प्रोग्राम मधले आवश्यक काम न करताच बाहेर पडे आणि पुढील पायरीत भलत्याच माहितीवर भलतेच लिहून टाकी. माहिती बिघडल्याचे ओळखून ते केंद्र सुरक्षिततेसाठी स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करी. आणि सुरू झाल्यावर आपल्या शेजाऱ्यांना तसेच लागोपाठ निरोप पाठवी. मग ते शेजारीही पडत. अशा रीतीने एका केंद्राचा किरकोळ आजार सर्व ११४ केंद्रांत पसरला. सुमारे नऊ तास त्या जाळ्यावरून केलेले जवळजवळ निम्मे कॉल लागू शकले नाहीत. शेवटी अभियंत्यांनी निरोपांचा भार कमी केला, तेव्हा जाळे स्थिरावले. नंतर जुने सॉफ्टवेअर परत घालण्यात आले.

४. यावरून काय शिकावे?

पहिली गोष्ट, या प्रकरणात यंत्रे मोडली नव्हती, तारा तुटल्या नव्हत्या आणि प्रत्येक केंद्र नेमून दिलेल्या नियमानेच वागत होते. दोष केंद्रांच्या परस्परसंबंधात, तोही विशिष्ट वेळी, प्रकट झाला. म्हणून सुटे भाग तपासणे पुरेसे नाही. सांधे तपासले पाहिजेत. दोन निरोप एकाच वेळी आले तर काय, उशिरा आले तर काय, आलेच नाहीत तर काय, हे प्रश्न विचारले पाहिजेत.

दुसरी गोष्ट, सर्व केंद्रांत एकच सॉफ्टवेअर असल्यामुळे सर्वांत एकच दोष होता. एक पडल्यास दुसरा सांभाळील ही योजना, दोघांचा दोष एकच असल्यास निरुपयोगी ठरते.

तिसरी गोष्ट, ज्या बदलाने घात झाला तो सुधारणेसाठी केलेला बदल होता. नवे सॉफ्टवेअर जवळजवळ महिनाभर सुरळीत चालले. त्याअर्थी 'आजवर काही झाले नाही' हा निर्दोषपणाचा पुरावा होऊ शकत नाही. चाचणी दोष दाखवू शकते. दोष मुळीच नाहीत, असे सिद्ध करू शकत नाही.

आणखी एक सांधा आहे, तो यंत्र आणि माणूस यांच्यातला. अर्जाच्या संगणकीय नमुन्यात आडनाव सक्तीचे केले, तर आडनाव न लावणारी व्यक्ती अर्जच भरू शकत नाही. दाखल्यावर नाव एका पद्धतीने आणि गुणपत्रिकेवर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले असेल, तर संगणक त्यांना दोन माणसे समजू शकतो. खेड्यात जाळे मधेच तुटले आणि पैसे भरल्याची पोच आली नाही, तर विद्यार्थ्याने पुन्हा पैसे भरावेत की थांबावे? चाचणी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो माणूस नसतो, तोच नेमका खिडकीबाहेर राहतो. म्हणून चाचणी करणाऱ्यांत निरनिराळ्या थरांतून, गावांतून आलेली माणसे असणे ही कामाचीच गरज आहे. ज्याने रांगेत उभे राहून अडचण सोसली, त्याला कोणता प्रश्न विचारावा हे आपोआप सुचते. ते ज्ञान कमी प्रतीचे मानू नका.

५. स्वाध्याय

हा विषय शिकण्यास महागड्या साधनांची गरज नाही. एक साधा संगणक, वही व चिकाटी पुरे. पुढील स्वाध्याय अवश्य करावेत.

१) संगणकावर 'पिंग' ही आज्ञा देऊन दुसऱ्या संगणकाकडून उत्तर येण्यास किती मिलिसेकंद लागतात ते दहा वेळा नोंदवा. प्रत्येक वेळी आकडा सारखा का येत नाही?

२) पत्त्यातील एक संख्या ० ते २५५ असावी, असा नियम आहे. हा नियम तपासण्यासाठी कोणते आकडे घालाल? कारणासह लिहा.

३) शिष्यवृत्तीच्या अर्जाचा कोणताही एक नमुना घ्या. त्यातील प्रत्येक रकान्यासाठी निदान तीन चाचण्या लिहा : एक योग्य माहितीची, एक चुकीच्या माहितीची व एक सीमेवरची.

४) टेलिफोन केंद्रांच्या घटनेतील चूक घटक चाचणीत सापडली असती की जोड चाचणीत? आपले मत मित्रांशी चर्चा करून मांडा.

प्रत्येक चाचणी करण्यापूर्वी अपेक्षित उत्तर वहीत लिहून ठेवावे आणि मगच कळ दाबावी. उत्तर आल्यानंतर ते बरोबर वाटणे सोपे असते. आधी लिहिलेले उत्तर मात्र आपल्याला फसवू देत नाही.