चिकणमाती आणि फेंस

पावसाळ्यांत काळ्या रानांतून चालतांना जोड्यांस माती चिकटून पाऊल जड होतें, हें आपण जाणतोंच. भुयार खोदणाऱ्या यंत्राच्या चक्रास अशी माती लागली, तर त्याचीं तोंडें बुजून काम अडतें. नुसतें पाणी घालावें, तर चिखल पातळ होऊन पुढील माती ढासळते. यास्तव साबणासारख्या द्रव्याचा फेंस सोडतात. त्याचे बुडबुडे कणांमध्यें शिरून चिकटपणा मोडतात. माती मऊ कणकेसारखी होऊन समोरचा दाब तोलून धरते.

आमच्या पुण्यांत मुठा नदी व जुन्या पेठा यांखालून जाणाऱ्या मेट्रोच्या भुयाराचें खोदकाम २०२२ सालीं पुरें झालें. येथें खालीं बहुतांशीं काळा कातळ आहे. परंतु तोच झिजून काळी माती होते. जेथें खालीं माती व वर घरें, तेथें फेंसाचें प्रमाण राखणें म्हणजे वरील माणसांस राखणें होय.